विश्लेषण : रोपे मोजणारे खूप, जमीन वाचणारा कोण? विद्यापीठात परिसंस्था पुनर्स्थापनाचे प्राध्यापकपद का हवे?

पावसाळा आला की राज्यात वृक्षलागवडीचे आकडे जाहीर होतात. किती खड्डे, किती रोपे, किती हेक्टर याची नोंद ठेवली जाते. पण त्या जमिनीवर मुळात काय होते आणि तिथे झाड लावायला हवे होते का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. त्यांची उत्तरे देणारी स्वतंत्र विद्याशाखा जगात आहे. तिचे नाव परिसंस्था पुनर्स्थापन. बिघडलेली जमीन सुधारण्यासाठी देशात हजारो कोटींचा निधी आणि आंतरराष्ट्रीय उद्दिष्टे आहेत. विद्यापीठांत मात्र हा विषय पूर्णवेळ शिकवणारे, त्यावर वीस-पंचवीस वर्षे काम करू शकणारे कायम प्राध्यापकपद अपवादानेच दिसते. हा केवळ शिक्षणखात्याचा प्रश्न नाही. निधी योग्य जागी खर्च होतो की माळरानावर खड्डे खणण्यात जातो, हे त्यावर अवलंबून आहे.

परिसंस्था पुनर्स्थापन म्हणजे नेमके काय?

खाण, अतिचराई, अतिक्रमण, प्रदूषण किंवा परक्या वनस्पतींचा फैलाव यांमुळे बिघडलेली परिसंस्था पुन्हा स्वतःच्या बळावर उभी राहावी, यासाठी केलेली मदत म्हणजे पुनर्स्थापन. त्यात माती, पाणी, बियाणे, कीटक, पक्षी, वणवा आणि माणसे या सगळ्यांचा विचार असतो. संवर्धन म्हणजे असलेले टिकवणे, तर पुनर्स्थापन म्हणजे मोडलेले सावरणे. दोन्ही शास्त्रे एकमेकांना लागून असली तरी दुसऱ्याची कौशल्ये वेगळी आहेत.

पहिली पायरी असते ‘संदर्भ परिसंस्था’ ठरवण्याची. म्हणजे त्याच हवामानात, त्याच प्रकारच्या मातीवर, फारसा हात न लागलेला तुकडा कसा दिसतो, हे शोधणे. तो तुकडा दाट जंगल असेल, तसाच गवताळ माळ, सडा, पाणथळ किंवा खाजणही असू शकतो. हे ठरले नाही तर पुढचे सगळे काम अंदाजाने होते.

वृक्षलागवड आणि पुनर्स्थापन यांत फरक काय?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर फरक समजून घ्यायला तीन ठिकाणे पुरेशी आहेत.

पहिले, सोलापूर-पुणे-अहिल्यानगर पट्ट्यातील माळराने. कमी पाऊस आणि उथळ माती असलेल्या या प्रदेशात मारवेल, पवना, कुसळी अशी गवते आणि विखुरलेली झाडे हीच मूळ व्यवस्था आहे. लांडगा, काळवीट, तणमोर, माळढोक हे इथले प्राणी-पक्षी आणि धनगरांचे कळप हाही याच व्यवस्थेचा भाग. सरकारी दप्तरात मात्र अशा जमिनीची नोंद बऱ्याचदा ‘पडीक’ अशी होते. पडीक म्हटले की ती भरून काढण्याची घाई होते आणि गवतात खड्डे खणले जातात. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आज माळढोकाचे दर्शन जवळपास दुर्मीळ झाले आहे. त्यामागे शेती, सिंचन, वीजवाहिन्या अशी अनेक कारणे असली तरी माळरानाला परिसंस्था न मानण्याची वृत्ती हेही एक कारण आहे.

दुसरे, साताऱ्याचे कास आणि कोकणातील सडे. जांभ्या खडकाच्या या पठारांवर मातीचा थर बोटभर असतो. वर्षातील काही आठवडेच फुलणाऱ्या अनेक वनस्पती जगात दुसरीकडे कुठे आढळत नाहीत. तिथे झाड लावणे म्हणजे बाहेरून माती आणून मूळची वनस्पती गाडणे. कासचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत झाला; पण कोकणातील कित्येक सड्यांना असे कोणतेही कवच नाही.

तिसरे, पुण्याच्या टेकड्या. त्या हिरव्या करण्यासाठी मध्य अमेरिकेतून आलेली गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लावली गेली. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या, पण मूळच्या झाडाझुडपांची आणि गवतांची जागा एकाच परक्या जातीने घेतली. आता ती काढायची तर कशी, किती वेगाने, आणि काढल्यावर त्या जागी काय येऊ द्यायचे, हा पुनर्स्थापनाचा प्रश्न आहे. नुसती कुऱ्हाड किंवा नुसती रोपवाटिका त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

हा विषय आताच ऐरणीवर का?

कारण उद्दिष्टांची मुदत जवळ आली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनर्स्थापनाचे दशक जाहीर केले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता करारात बिघडलेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रावर २०३० पर्यंत परिणामकारक पुनर्स्थापन सुरू असावे, असे उद्दिष्ट ठरले. त्याआधी २०१९ मध्ये भारताने २.६ कोटी हेक्टर बिघडलेली जमीन २०३० पर्यंत पूर्ववत करण्याचे आश्वासन दिले होते. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार देशातील सुमारे ९.७८ कोटी हेक्टर जमीन, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या जवळपास ३० टक्के, अवनतीच्या फेऱ्यात आहे.

निधीची बाजूही लहान नाही. वनजमीन प्रकल्पांना देताना वसूल होणाऱ्या भरपाईसाठी २०१६ मध्ये ‘कॅम्पा’ कायदा झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने २७ राज्यांना त्यातील ४७,४३६ कोटी रुपये हस्तांतरित केले. महाराष्ट्राने २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ४, १३ आणि ३३ कोटी अशी एकूण ५० कोटी रोपांची मोहीम आखली.

या खर्चातून काय उरते, याची तपासणी मात्र कच्ची राहिली. २००६ ते २०१२ या काळातील भरपाई वनीकरणावरील ‘कॅग’चा २०१३ चा अहवाल बोलका आहे. जंगलाच्या बदल्यात जेवढी बिगरवनजमीन मिळायला हवी होती, त्यातील सुमारे २७ टक्केच मिळाली. आणि वनीकरण झाले ते मिळायला हव्या असलेल्या जमिनीच्या ७ टक्क्यांवर. ही झाली हिशेबाची तपासणी. जिथे झाडे लागली तिथे परिसंस्था परतली का, हे हिशेबतपासनीस सांगू शकत नाही. त्यासाठी परिसंस्थाशास्त्रज्ञ लागतो.

नियमच झाडांभोवती फिरतात, ते कसे?

२०२३ मध्ये सुरू झालेली ‘ग्रीन क्रेडिट’ योजना हे ताजे उदाहरण. बिघडलेल्या वनजमिनीवर, झुडपी किंवा पडीक जमिनीवर लागवड करणाऱ्याला श्रेयांक मिळावेत, अशी तिची कल्पना. फेब्रुवारी २०२४ च्या कार्यपद्धतीत एका झाडाला एक श्रेयांक आणि स्थानिक हवामान व माती पाहून हेक्टरी किमान ११०० झाडे, असे सूत्र होते. २०२५ मध्ये ते सुधारून पाच वर्षांची मुदत आणि किमान ४० टक्के छत्रदाटीची अट आली. रोप लावून मोकळे होण्यापेक्षा ही अट निश्चितच बरी. पण ज्या माळावर निसर्गतःच ४० टक्के सावली पडत नाही, तिथे ही अट पूर्ण करणे म्हणजे माळ संपवणे. गवताळ प्रदेश चांगला सावरला तर त्याला श्रेयांक कोणत्या मापाने द्यायचे? असे माप तयार करणारी, त्याची वर्षानुवर्षे चाचणी घेणारी माणसे विद्यापीठांत घडायला हवीत.

एका प्राध्यापकपदाने असे काय साधते?

याचे उत्तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या इतिहासात मिळते. या विद्यापीठाने १९३३ मध्ये आल्डो लिओपोल्ड यांना वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक नेमले. त्या देशातील या विषयाचे ते पहिले अध्यासन. १९३४ मध्ये विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचे उद्घाटन झाले, तेव्हा जगभरातील शोभेची झाडे गोळा करण्याऐवजी त्या प्रदेशातील मूळ परिसंस्था पुन्हा उभ्या कराव्यात, अशी दिशा लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी दिली. शेतीखाली गेलेल्या जमिनीवर मूळचे प्रेअरी गवताळ रान परत आणण्याचा प्रयोग १९३५ पासून सुरू झाला. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी त्यासाठी श्रम केले. आज ‘कर्टिस प्रेअरी’ या नावाने ओळखले जाणारे हे सुमारे ७३ एकरांचे रान जगातील सर्वात जुना पुनर्स्थापन प्रयोग मानले जाते.

यात आपल्यासाठी तीन धडे आहेत. एक, तो प्रयोग गवताचा होता, झाडांचा नव्हता. दोन, नुसते पेरून रान परतले नाही. परके गवत हटत नव्हते. त्याच विद्यापीठातील वनस्पतीशास्त्रज्ञ जॉन कर्टिस आणि सहकाऱ्यांनी चाळीसच्या दशकात नियंत्रित आग लावून प्रयोग केले, तेव्हा आग ही या परिसंस्थेची शत्रू नसून गरज आहे, हे पुराव्यानिशी कळले. तीन, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे हा प्रयोग माणसांपेक्षा जास्त जगला. लिओपोल्ड १९४८ मध्ये गेले, कर्टिसही पुढे गेले. पण पद, जागा आणि नोंदवह्या विद्यापीठाकडे राहिल्या. पुढे त्याच विद्यापीठात लिओपोल्ड यांच्या नावाने पुनर्स्थापन परिसंस्थाशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले आणि पाणथळ जागांच्या अभ्यासक जॉय झेडलर यांनी ते भूषवले.

भारतात असे काही घडले आहे का?

घडले आहे, आणि जिथे घडले तिथे बहुधा एखादे विद्यापीठ किंवा संस्था दीर्घकाळ पाठीशी उभी होती. दिल्ली विद्यापीठात बिघडलेल्या परिसंस्थांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. प्रा. सी. आर. बाबू यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने दिल्ली विकास प्राधिकरणाच्या साथीने वजिराबादजवळ यमुना जैवविविधता उद्यान उभे केले. २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात नदीकाठची ओसाड, क्षारयुक्त जमीन घेऊन पूरमैदानातील पाणथळी आणि वनस्पतीसमूह टप्प्याटप्प्याने परत आणले गेले. दिल्लीसारख्या शहरात जागेचा मोह मोठा असतानाही हे काम टिकले, कारण त्यामागे केवळ कंत्राट नव्हते, सलग अभ्यास होता.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याचे माधव गाडगीळ यांनी बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ मध्ये सुरू केलेले पर्यावरणशास्त्र केंद्र. त्या एका केंद्रातून पश्चिम घाटावरील अभ्यासाची परंपरा उभी राहिली. तमिळनाडूतील वालपराईच्या चहामळ्यांमधील वर्षावनाचे तुकडे सावरण्याचे काम दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी स्वयंसेवी संस्थेतून दोन दशकांहून अधिक काळ केले, तर जोधपूरच्या किल्ल्याभोवती वेडी बाभूळ काढून खडकाळ वाळवंटी वनस्पती परत आणण्याचे काम २००६ पासून प्रदीप क्रिशन यांच्या पुढाकाराने झाले. ही कामे मोलाची आहेत. पण ती विद्यापीठाबाहेर झाली, त्यामुळे त्यातले ज्ञान अभ्यासक्रमात, परीक्षेत आणि पुढच्या पिढीत आपोआप उतरत नाही.

मग महाराष्ट्रात अडचण कुठे आहे?

पर्यावरण हा विषय आपल्याकडे नाही, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर आणि पुढे २००३ च्या निर्देशांनंतर पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला. पण सक्ती विषयाची झाली, शिक्षकाची नाही. अनेक महाविद्यालयांत हा विषय दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाकडे तासिका भरून काढण्यासाठी जातो. विद्यार्थी प्रकल्पवही सजवतो, गुण मिळतात आणि विषय संपतो.

पदव्युत्तर पातळीवर वेगळी अडचण आहे. साहाय्यक प्राध्यापकपदासाठीच्या ‘नेट’ परीक्षेत ‘पर्यावरण विज्ञान’ हा विषय आहे; पुनर्स्थापन परिसंस्थाशास्त्र असा विषय नाही. ज्याने दहा वर्षे गवताळ प्रदेशांच्या पुनरुज्जीवनावर काम केले, तो उमेदवार वनस्पतीशास्त्राच्या पदासाठी ‘फारच पर्यावरणाचा’ आणि पर्यावरणाच्या पदासाठी ‘फारच वनस्पतीशास्त्राचा’ ठरण्याचा धोका असतो. त्यात पदे मंजूर होतात ती कार्यभारावर. अभ्यासक्रम नाही म्हणून कार्यभार नाही, कार्यभार नाही म्हणून पद नाही आणि पद नाही म्हणून अभ्यासक्रम नाही. आधी बीज की आधी झाड, असा हा पेच आहे.

शिवाय प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रेंगाळल्याने अनेक विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालतात. ज्या शिक्षकाला पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने वीस वर्षे चालणारा प्रयोग कसा सुरू करायचा? रसायनशास्त्राचा प्रयोग दुपारी संपतो. माळरान सावरले का, हे कळायला किमान एक दशक लागते. या विषयात पदाचे कायम असणे ही सोय नसून शास्त्राची अट आहे.

वनशास्त्र महाविद्यालये हे काम करत नाहीत का?

दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनशास्त्राची पदवी मिळते आणि तिथून तयार होणारे पदवीधर वनखात्यात चांगले काम करतात. पण वनशास्त्राची घडण मुख्यतः लागवड, उत्पादन आणि वनव्यवस्थापनाभोवती झाली. झाड जगवणे हे कौशल्य त्यात उत्तम शिकवले जाते. कुठे झाड लावू नये, हे ठरवण्याचे शास्त्र वेगळे आहे. खाडीतील कांदळवन, गोव्यातील लोहखनिजाचे आणि चंद्रपूरच्या कोळसा खाणींचे मातीचे ढिगारे, कोरड्या नद्यांचे काठ, सडे या प्रत्येकाची पुनर्स्थापना वेगळी आहे. हे सगळे एका ‘वृक्षलागवड’ नावाच्या खान्यात बसत नाही.

‘मियावाकी’ पद्धतीचेच पाहा. जपानी वनस्पतीशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीचा पाया त्या ठिकाणच्या मूळ वनस्पतीसमूहाचा अभ्यास हा होता. आपल्याकडील अनेक शहरांत त्यातील दाट लागवड तेवढी उचलली गेली आणि अभ्यास गळाला. कृती आली, शास्त्र राहिले. प्रशिक्षित माणूस नसला की असेच होते.

‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’चा मार्ग पुरेसा नाही का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ही सोय केली. पीएचडी नसली तरी दीर्घ अनुभव असलेल्या तज्ज्ञाला मंजूर पदांच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत नेमता येते. या विषयासाठी ती अतिशय उपयुक्त आहे. रोपवाटिकेत देशी गवताचे बियाणे रुजवणारा, कांदळवनात भरती-ओहोटी पाहून काम करणारा किंवा चराईचे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या जाणणारा माणूस वर्गात यायलाच हवा. पण ही नेमणूक तीन वर्षांची आणि फार तर आणखी एका वर्षाची. चार वर्षांत लावलेले रोप जेमतेम तग धरते. त्यामुळे ही सोय कायम पदाच्या जोडीला हवी, त्याच्या जागी नको.

या प्राध्यापकाने शिकवायचे काय?

वर्गात माती, बीजशास्त्र, जलविज्ञान, परक्या वनस्पतींचे नियंत्रण, सांख्यिकी आणि उपग्रह प्रतिमांचे वाचन. त्याबरोबर वनहक्क कायदा, कॅम्पाचे नियम आणि ग्रामसभेशी बोलण्याची रीत. कारण बिघडलेली म्हणून दाखवलेली जमीन बहुतेक वेळा कोणाच्या तरी चराईची, सरपणाची किंवा वहिवाटीची असते. तिला कुंपण घालून सावरलेली परिसंस्था कुंपण पडले की मोडते.

वर्गाबाहेर, किमान एक कायमचा प्रयोगतुकडा. राज्यातील बहुतेक विद्यापीठांकडे मोठे परिसर आहेत आणि त्यांतल्या काहींत चांगली माळराने, टेकड्या शिल्लक आहेत. त्यातील काही एकर या विषयासाठी राखून दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने नोंदी घेतल्या, तर दहा वर्षांत राज्याकडे स्वतःची आधारसामग्री असेल. आज ती अनेकदा परदेशी शोधनिबंधांतून उसनी घ्यावी लागते.

विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळतील का?

आक्षेपांतला हा सर्वात रास्त आक्षेप. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील पालक मुलीला अशा विषयाला पाठवताना हाच प्रश्न विचारणार. उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, आजच्या घडीला नोकऱ्या विखुरलेल्या आहेत. खाण कंपन्या, पर्यावरण सल्लागार संस्था, महापालिकांचे उद्यान विभाग, कांदळवन कक्ष, पाणलोट प्रकल्प, स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणी त्या आहेत, पण पदाच्या नावात ‘पुनर्स्थापन’ नसते. म्हणून नुसता अभ्यासक्रम सुरू करून विद्यार्थ्यांना वाऱ्यावर सोडणे हा अन्याय ठरेल. पद आणि मागणी दोन्ही सरकारनेच एकत्र निर्माण करायला हवेत. सरकारी निधीवर होणाऱ्या प्रत्येक मोठ्या लागवडीच्या आराखड्यावर पात्र परिसंस्थाशास्त्रज्ञाची सही बंधनकारक केली, तर ही मागणी आपोआप तयार होईल. पुलाच्या आराखड्यावर अभियंत्याची सही लागते; हजार हेक्टरचा भूभाग बदलताना मात्र कोणाचीच लागू नये, हे विसंगत आहे.

मग करायचे काय?

तीन गोष्टी तुलनेने कमी खर्चात शक्य आहेत. पहिली, राज्यातील प्रत्येक भौगोलिक विभागासाठी, म्हणजे कोकण, दख्खनचे पठार, मराठवाडा आणि विदर्भ यांसाठी, किमान एका विद्यापीठात संवर्धन आणि पुनर्स्थापनाचे एक कायम पद. चार-पाच पदांचा वेतनखर्च एखाद्या लागवड मोहिमेच्या जाहिरातींपुढेही डोळ्यांत भरणारा नसेल. दुसरी, जाहिरातीत पात्रता लिहितानाच वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, पर्यावरण विज्ञान आणि वनशास्त्र या सर्व शाखांतील संबंधित संशोधन ग्राह्य धरणे, म्हणजे योग्य उमेदवार छाननीतच बाद होणार नाही. तिसरी, लागवड ज्या खात्याने केली, तपासणीही त्याच खात्याने करायची ही पद्धत मोडून विद्यापीठांकडे स्वतंत्र मूल्यमापन सोपवणे आणि त्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवणे.

यातली तिसरी गोष्ट सर्वात अवघड, कारण ती गैरसोयीची आहे. स्वतंत्र प्राध्यापक कधी तरी सांगणार, की इथे लावलेली लाखभर रोपे चुकीच्या जागी आहेत, किंवा या सड्याला काहीही न करणे हाच उपाय आहे. उद्घाटनाला फलक लावता येत नाही असे हे उत्तर आहे. पण २०३० ची मुदत संपेल तेव्हा जगाला दाखवायला रोपांचे आकडे बरेच असतील. त्या आकड्यांखालची जमीन खरोखर सावरली का, हे सांगू शकणारी माणसे तेव्हा हवी असतील, तर त्यांना घडवणारी पदे आज भरावी लागतील.